वाटा पत्नीचा, वाटा मुलीचा

तेरेखोल नदीच्या दक्षिणेला पेडणे, उत्तरेला सावंतवाडी आणि वेंगुर्ले. जत्रा, दशावतार, आडनावे दोन्हीकडे सारखी. रोटीबेटीचा व्यवहारही पिढ्यानपिढ्यांचा. तरीही स्त्रीच्या मालमत्तेविषयीचा विचार गोव्यात आणि महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या वाटांनी वाढला. गोव्याच्या कायद्यात समता प्रामुख्याने विवाहातून आली, महाराष्ट्रात जन्मातून. तिकडे पत्नी भागीदार ठरली, इकडे बऱ्याच उशिरा मुलगी मुलाच्या बरोबरीची ठरली. समता म्हणजे नेमकी कोणाची कोणाशी बरोबरी, या प्रश्नाला दोन समाजांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ची. गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची आधीची, नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली मालमत्ता एक होते आणि त्यात प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो, ही तिच्यातली मध्यवर्ती कल्पना. वारशात मुलगा-मुलगी हा भेद तिने ठेवला नाही. शिवाय मुलांचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. आजच्या नियमानुसार तो मालमत्तेचा निम्मा भाग आहे.

मात्र याच संहितेने पत्नीवर आज्ञापालनाचे कर्तव्य लादले आणि कारभार नवऱ्याच्या हाती दिला. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची तर पत्नीची संमती आवश्यक, एवढाच त्याला लगाम. विभक्त होण्यासाठी पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. नवऱ्याच्या बाबतीत त्याचा जाहीर बोभाटा किंवा तत्सम काही घडावे लागे. हिस्सा समान पण भूमिका वेगळ्या, यात त्या काळच्या उदारमतवादी कायदेपंडितांना विसंगती वाटत नव्हती. १८८०च्या हुकुमाने हिंदूंचे काही रीतिरिवाज राखले, तेव्हा तर भेदावर आणखी एक शिक्का बसला. पत्नीला पंचविशीपर्यंत मूल झाले नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर विशिष्ट अटींवर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची सवलत मिळाली. पोर्तुगालमध्ये १९१०मध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने दोघांनाही सारख्याच कारणांवर घटस्फोट मागता येऊ लागला. १९६१च्या मुक्तीनंतरही हा कौटुंबिक कायदा टिकला, आणि काही अपवाद वगळता तो धर्म न पाहता सर्वांना लागू राहिला.

महाराष्ट्रातली वाट मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या परंपरेतून निघते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क, मुलीला नाही. मुंबई इलाख्यात नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथामुळे स्त्रियांची स्थिती थोडी बरी होती, इतर प्रांतांत मुलीला वारसा मिळाला तरी तो हयातीपुरता असे, इथे ती पूर्ण मालक होई. पण एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांची मोठी झुंज मालमत्तेसाठी नव्हती. विधवेचे लग्न, संमतिवय, शिक्षण हे तिचे विषय होते. ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दोघांना लावल्या जाणाऱ्या दुहेरी मापांवरच बोट ठेवले. रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा आदेश मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८७मध्ये दिला. ज्या समाजात स्त्रीचे शरीरच तिच्या मालकीचे मानले जात नव्हते, तिथे जमिनीचा प्रश्न मागे पडणे समजण्यासारखे आहे. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी मोजली.

डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि बिल रखडल्यावर १९५१मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६च्या वारसा कायद्याने मुलीला वारस केले, पण एकत्र कुटुंबातले सहदायाद पद, म्हणजे जन्मसिद्ध सहमालकी, मुलग्यांकडेच राहिले. महाराष्ट्राने १९९४मध्ये ते मुलींनाही दिले. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा अपवाद काढला. दुरुस्तीआधी वडील वारले असले तरी हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. हे सारे हिंदू कायद्यापुरते. यात पत्नी जिथल्या तिथे राहिली: नवरा हयात असताना त्याच्या कमाईत तिचा मालकीहक्क नाही, आणि घटस्फोटात तिला पोटगी मिळते, हिस्सा नाही. शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६च्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. गोव्याच्या कायद्यात जो हक्क होता, तो इथे नवऱ्याच्या उदारपणावर सोपवावा लागला.

कागदावरचे हक्क प्रत्यक्षात कसे विरतात ते दोन्हीकडे एकाच ठिकाणी दिसते. वडील गेल्यावर भाऊ बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला नेतात. गोव्यात बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागते, कारण तिचा वाटा त्याच्याही वाट्यात गेलेला असतो. लग्नात दिले-घेतले ते मोजले जाते, माहेर तुटेल ही भीती घातली जाते, आणि साडीचोळीवर हिशेब मिटतो. याला प्रेमाचा व्यवहार म्हणणे अन्यायाचे आहे. भावाला हक्क सोडायला कोणी प्रेमाने सांगत नाही. गोव्याच्या कोमुनिदादींमध्ये, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये, गावकारांचे (मूळ सदस्य घराण्यांचे) हक्क आणि त्यांची झोण (उत्पन्नातला वाटा) पुरुषवारसांकडेच जात आली, तिथे संहितेची समता पोहोचलीच नाही. तरी तिची ताकद रोजच्या व्यवहारात जाणवते. आयकर कायद्यात १९९४मध्ये आलेल्या तरतुदीमुळे गोव्यातल्या जोडप्याचे घरभाड्याचे किंवा धंद्याचे उत्पन्न निम्मे निम्मे धरले जाते; पगार मात्र ज्याचा त्याचा.

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचे नाव हटकून येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये त्याचा गौरवाने उल्लेख केला. पण उत्तराखंडने २०२४मध्ये आपला समान कायदा केला तेव्हा सर्व धर्मांना एकच नियम हा भाग घेतला. लग्न होताच पत्नीला निम्मा हिस्सा, ही गोव्याच्या कायद्यातली मूळ कल्पना त्यात नाही.