जीर्ण वस्त्राचे म्हणणे

‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. काळातून हिंडणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची ही गोष्ट. विल्यम हार्टनेल हा प्रौढ नट ती भूमिका करी. तीन वर्षांत त्याची प्रकृती ढासळली, संवाद आठवेनासे झाले. मालिका तर लोकांना हवी होती. तेव्हा कर्त्यांनी युक्ती काढली : या परग्रहवासीयाला देह पालटता येतो! २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेल कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटनचा चेहरा उमटला. पुढे नट बदलतच गेले. २०१७ साली जोडी व्हिटेकर ही स्त्रीही डॉक्टर झाली.

गीतेतला वस्त्राचा दृष्टान्त आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तो इथे चपखल बसतो असे मला प्रथम वाटले. मग शंका आली. दृष्टान्तातल्या वस्त्राला जीव नसतो, हार्टनेलला होता. डॉक्टर ताजातवाना होऊन पुढे निघाला. टाकलेले वस्त्र मागे राहिले आणि आणखी साडेआठ वर्षे जगले.

म्हणून नट बदलूच नये काय? तसे म्हणणे दुराग्रहाचे होईल. भूमिका माणसापेक्षा दीर्घायुषी असते, आणि असावीही. प्रश्न बदलण्याचा नाही; निरोपाचा आहे. १९८६ साली कॉलिन बेकरला काढण्यात आले. देहपालटाच्या प्रसंगासाठी यायला त्याने नकार दिला. तेव्हा नव्या सिल्व्हेस्टर मॅकॉयने केसांचा टोप घालून जाणाराही उभा केला आणि येणाराही. कथा अडली नाही. पण निरोप झाला नाही.

याउलट, डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका कथेत तोवरचे तिन्ही डॉक्टर एकत्र आणले. हार्टनेल फार आजारी होता. त्याला बसवून, संवाद समोर फलकांवर लिहून, त्याचे काम करून घेतले. त्याच्यावाचून मालिका चालतच होती. तरी त्याच्यासाठी जागा केली.

हे वाचून मी ओशाळलो. मी नोकरीला लागलो तो एका आजारी मास्तरांच्या जागी. महिन्याभरात मुले त्यांना विसरली, याचा मला अभिमानच वाटला. एकदा मधल्या सुट्टीत ते फाटकाशी येऊन उभे राहिले. मी त्यांना पाहिले. ‘वर्गात चला’ एवढे दोन शब्द. पण मुले पुन्हा त्यांचीच होतील, या धास्तीने मी ते उच्चारले नाहीत. थोडा वेळ थांबून ते निघून गेले.

जागा घेणे हा अपराध नव्हे. ती आपल्याआधी कुणाची नव्हतीच असे वागणे, हा अपराध. माझ्याही जागी उद्या कुणी तरुण येईल. त्याने माझ्यासारखे शिकवू नये; त्याचा चेहरा त्याचाच असावा. फक्त मधल्या सुट्टीत त्याने एकदा फाटकाकडे पाहावे.