दोन मिलिमीटरचा काठ

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कच्या कुठल्याही शेडमध्ये ड्रॉइंग घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती नग?" १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती प्रेस शॉप, टूलरूम, मोल्डिंग, पावडर कोटिंगचं जे जग उभं राहिलं, ते याच प्रश्नावर चालतं. जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर जुनी मोठी निगेटिव्ह धरायला काळ्या अ‍ॅक्रिलिकची चौकट हवी, असं मी लेझर कटिंगवाल्याला सांगतो तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो, मग पेन ड्राइव्हकडे.

"एकच?"

"एकच. पुढे अजून एक लागेल, पण ती वेगळ्या मापाची."

"सर, परवडत नाही असलं काम," असं म्हणतो आणि कापून देतो, बहुधा दुसऱ्या कुणाच्या शीटच्या उरलेल्या तुकड्यातून.

ज्या निगेटिव्हसाठी हा खटाटोप चालतो त्या जुन्या स्टुडिओंच्या. लग्नाची जोडपी, शाळेचे वर्ग, निरोप समारंभ, खुर्चीवर बसवलेलं बाळ. फोटोपेपरच्या रिकाम्या डब्यांत त्या वर्षानुवर्षं पडून असतात. स्टुडिओ बंद झाला की डबे माळ्यावर जातात आणि घर पाडायची वेळ आली की कुणीतरी विचारतं, याचं काय करायचं? छायाचित्रण वाळूज-अजिंठ्याच्या या जिल्ह्याला नवं नाही. अजिंठ्याची चित्रं उतरवायला १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिलने पुढे कॅमेराही हातात घेतला, आणि त्याची छायाचित्रं असलेलं वास्तुइतिहासकार फर्ग्युसनचं लेण्यांवरचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये काढला, तोही छायाचित्रांच्या जोरावर. त्या कामाला संस्था होत्या, सरकार होतं. स्टुडिओच्या डब्यांना वाली नाही.

एप्सनच्या व्ही ७०० किंवा व्ही ८५० स्कॅनरबरोबर ज्या चौकटी आल्या त्या ३५ मिमी, १२० रोल आणि ४ बाय ५ इंच शीट फिल्मच्या. आपल्याकडचे स्टुडिओ मात्र इंग्रजी प्लेटच्या मापांवर चालले: क्वार्टर म्हणजे ३¼ बाय ४¼, हाफ म्हणजे ४¾ बाय ६½, फुल म्हणजे ६½ बाय ८½ इंच. यातलं एकही त्या चौकटींत नीट बसत नाही. बरं, नुसतं काचेवर ठेवून स्कॅन करावं, तर स्कॅनरमध्ये दोन भिंगं आहेत. एक काचेच्या पृष्ठभागावर रोखलेलं, दुसरं, जास्त बारकावे टिपणारं, काचेच्या तीनेक मिलिमीटर वर. हे दुसरं जेमतेम सहा इंच रुंदीचा पट्टाच बघतं. म्हणून हाफ प्लेट त्याच्या टप्प्यात येते आणि फुल प्लेट येत नाही. तिला काचेलगतच्या भिंगावर भागवून घ्यावं लागतं.

तीनेक मिलिमीटर म्हणजे नेमके किती, हे प्रत्येक यंत्रागणिक थोडं बदलतं. मी उताराची पट्टी करतो: बारीक रेघा असलेली फिल्म एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला चार मिलिमीटर उंचीवर तिरपी ताणून धरायची आणि एकदाच स्कॅन करायची. रेघा जिथे सर्वांत धारदार, तिथली उंची त्या यंत्राची. मग चौकटीच्या चार पायांखाली शिमचे तुकडे. इथे वाळूजच्या सवयी कामी येतात, कारण ३ मिमी म्हणून विकलेली अ‍ॅक्रिलिकची शीट व्हर्नियरमध्ये धरली तर अनेकदा पावणेतीन भरते, आणि कास्ट शीट असेल तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतही फरक सापडतो. हे एवढं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी हिशेब सांगतो: हाफ प्लेट २४०० डीपीआयवर स्कॅन केली तर पावणेअठरा कोटी पिक्सेलची फाईल होते. पाव मिलिमीटर चुकलं तरी ती तेवढीच मोठी राहते, फक्त आत पाहण्यासारखं कमी उरतं.

फिक्स्चर डिझाइनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला ३-२-१ चा नियम पाठ असतो. तळाला तीन बिंदू, बाजूला दोन, टोकाला एक; एवढ्यावर जॉब टेकला की त्याची जागा ठरली, वरून क्लॅम्प लावा आणि काम सुरू करा. या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, जॉब ताठ आहे. फिल्म ताठ नसते. तीन बिंदूंवर ती पापडासारखी मधूनच उचलली जाते. शिवाय डब्यावर लिहिलेलं तिचं मापही आता खरं राहिलेलं नसतं. अ‍ॅसिटेटची जुनी फिल्म काळाच्या ओघात आक्रसते, काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो, आणि एकाच डब्यातल्या दोन निगेटिव्ह मिलिमीटरभराने वेगळ्या निघतात. कारखान्यात जॉब ड्रॉइंगप्रमाणे नसेल तर रिजेक्ट करतात. इथे ड्रॉइंगच रिजेक्ट करायचं.

वाकण्याचंही एक शास्त्र आहे, आणि ते आपल्या बाजूने वळवता येतं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत जिलेटिनचा थर, म्हणजे इमल्शन, आक्रसतो, म्हणून फिल्म इमल्शनच्या बाजूला आत वळते. इमल्शन खाली ठेवलं तर मधला भाग वर फुगतो, आणि वरून काच ठेवली की तिच्या वजनाने तो बसतो. कडा चौकटीच्या बारीक ओठावर टेकतात. खाली हवेशिवाय काही नाही, त्यामुळे इमल्शनवर रिटचिंगवाल्याने टोकदार पेन्सिलीने केलेलं काम घासलं जात नाही. चित्र उलटं येतं, ते संगणकात फिरवायचं. काच मात्र साधी चालत नाही. फिल्मची गुळगुळीत पाठ आणि गुळगुळीत काच चिकटली की न्यूटनची वलयं उमटतात, पावसाळ्यात तर हमखास. त्यासाठी बारीक खरवडलेली काच लागते. फ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच घेऊन बघायला हरकत नाही, पण तिचा दाणा जाड असेल तर मोकळ्या आकाशात ठिपके दिसतात. आणि चौकट कितीही चांगली बनवली तरी स्कॅनरच्या कॅलिब्रेशनची वरची पट्टी मोकळी सोडावीच लागते. ती झाकली की चित्रभर उभ्या रेघा.

हे सगळं मापाचं झालं. मला अडवतो तो ओठ, ज्यावर फिल्मची कड टेकते. तो किती रुंद ठेवायचा? दीड-दोन मिलिमीटर, तेही लांब बाजूंनाच. आता ही कड कोरी का असते? कारण कॅमेऱ्यातल्या फिल्म धरणाऱ्या स्लाइडनेही ती फिल्म कुठेतरी धरलीच होती. तिच्या पट्ट्यांखाली प्रकाश पोचला नाही आणि तेवढा काठ पारदर्शक राहिला. पन्नास-साठ वर्षांनी माझी चौकट नेमकी तोच काठ शोधते. आणि स्टुडिओवाल्यालाही लिहायला तेवढीच जागा होती. नंबर, आडनाव, प्रतींची संख्या, कधी गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव, हे सगळं त्या दोन मिलिमीटरमध्ये शाईने लिहिलेलं किंवा टोच्याने कोरलेलं. फिल्मचा प्रकार सांगणाऱ्या कंपनीच्या खाचाही काठावरच. चित्रात बसलेला माणूस कोण, याचा घरच्यांनाही पत्ता नसतो तेव्हा एवढाच दुवा शिल्लक असतो, आणि सगळं तंत्र मात्र तो झाकायला सांगतं. कड उघडी ठेवली तर तिच्यातून येणारा कोरा प्रकाश पसरून निगेटिव्हचा काळेपणा धुवून काढतो.

मी दोन फेऱ्या करतो. पहिली काळ्या मास्कसह, चित्रासाठी. दुसरी कमी डीपीआयवर, फिल्म मोकळीच काचेवर ठेवून, फक्त काठासाठी. वेळ दुप्पट जातो. घरच्यांना हे पटवणं अवघड असतं, त्यांना आजोबांचा स्वच्छ फोटो हवा असतो, "त्या रेघोट्या कशाला, काका?" असं थेट विचारतात. मी वाद घालत नाही, दोन्ही फाईली देतो आणि नावात नंबर तसाच ठेवतो. हौशी मंडळींच्या चौकटी पाहिल्या तर बहुतेकांत फिल्म अगदी सपाट असते आणि चारही कडा गडप. ते काम सुबक असतं, यात शंका नाही. संग्रहाच्या कामाला मी ते अपुरं म्हणेन.

काही निगेटिव्ह कशातच बसत नाहीत. आंबूस वासाच्या, पन्हाळीसारख्या झालेल्या, थर सुटून सुरकुतलेल्या. त्यांच्यावर काच ठेवायचा मोह होतो, पण दाबलं की थर तडकतो. त्यांना मी चौकटीशिवाय, आहेत तशाच स्कॅनरच्या काचेवर ठेवतो. कोपरे धूसर येतात, एखादा चेहरा निम्माच स्पष्ट दिसतो. फाईलच्या नावापुढे 'न दाबता' असं लिहितो आणि ती निगेटिव्ह बाकीच्यांपासून वेगळ्या पाकिटात घालतो, कारण त्या वासाची लागण शेजारच्या फिल्मला होते.