ठरलेला शेवट आणि न ठरलेले गाणे

होतकरू गीतकाराच्या प्रेमकथेचा सांगाडा प्रेक्षकाला पाठ असतो. शब्दांची जाण असलेला, पण हाती काही नसलेला तरुण. त्याची गाणी आधी हसण्यावारी नेणारी आणि मग त्यांतच गुंतणारी मुलगी. मध्यंतराच्या आसपास गैरसमज, ताटातूट, आणि शेवटी भरल्या सभागृहात गायलेले गाणे. भाषा बदलते, शहर बदलते, क्रम तोच राहतो. हा क्रम सिनेमाने शोधलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. आशा दिसते, हातची जाते, मग फळ निश्चित होते. हर्षाची ‘रत्नावली’ ही नाटिका या चौकटीत इतकी नेमकी बसते की ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथावरील टीकेत तिचे दाखले पुन्हा पुन्हा येतात. ‘साचेबद्ध’ म्हणून अशी कथा बाजूला सारणे सोपे आहे. पण तिने उभा केलेला प्रश्न गंभीर आहे. शेवट आधीच ठरलेला असेल, तर मधल्या धडपडीला अर्थ कोणता?

शेवट ठाऊक असला की गोडी जाते, हे मराठी वाचकाच्या अनुभवाला धरून नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा हे शिवाजी सावंतांचे जन्मगाव. त्यांची ‘मृत्युंजय’ 1967 साली प्रसिद्ध झाली. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, हे पहिले पान उघडण्याआधीच वाचकाला माहीत असते, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या ती कादंबरी वाचली जाते. आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या मुलखात गेले की दशावतार भेटतो. तिथे आख्यान पुराणातले, राक्षसाचा वध ठरलेला. संवाद मात्र लिहिलेले नसतात. नट ते उभ्या रंगमंचावर, समोरच्याच्या बोलण्यावरून रचतो. पहाटेपर्यंत बसलेला प्रेक्षक वध होतो की नाही हे पाहायला थांबलेला नसतो. आज हा नट कसा बोलतो, त्यासाठी तो जागतो.

याचे तात्त्विक रूप सर्वांत स्वच्छ दिसते ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये. 1882 साली रंगभूमीवर आलेले हे नाटक म्हणजे शुद्ध प्रेमाची सुखात्मिका आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे. तिचे मन अर्जुनावर आहे, आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्याच आश्रयाला येतो. या यतीची सेवा करायला बलराम आपल्या बहिणीलाच नेमतो. सेवा करणारी आणि सेवा घेणारा जवळजवळ बसलेले, आणि ज्याला हे लग्न नको आहे त्यानेच ते घडवून आणलेले! हे सारे आधीपासून जाणतो तो एकटा कृष्ण. पण प्रेक्षकही जाणतो. महाभारत ऐकलेल्या माणसाला सुभद्रा कोणाची होणार हे सांगावे लागत नाही. म्हणजे नाटकभर प्रेक्षक कृष्णाच्या आसनावर बसलेला असतो. शेवट माहीत असूनही खेळात रमणे, यालाच वैष्णव परंपरा लीला म्हणते. साचेबद्ध प्रेमकथा पाहताना मिळणारा आनंद थोडा वेळ या साक्षीपणाचा असतो. त्याला हलका समजण्याचे कारण नाही.

मात्र साक्षीचे ज्ञान पात्राचे कर्म पुसून टाकत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव आहे, पण ते पाचातले एक आहे. बहुतेक सामान्य प्रेमपट इथेच घसरतात. चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेली वही, नेमक्या वेळी आलेला पाऊस, योगायोगाने ऐकू आलेले बोलणे, असे करत बाकीच्या चारही कारणांचे काम ते दैवाकडून करून घेतात. तिथे शेवट ठरलेला असल्याचा दोष नसतो. नायकाने काही केलेलेच नसते, हा दोष असतो.

गीतकाराच्या कथेत आणखी एक पेच आहे. नायक वकील असेल तर तो हुशार आहे असे सांगून भागते. गीतकाराचे गाणे मात्र प्रेक्षकाला प्रत्यक्ष ऐकू येते, आणि ते साधारण निघाले तर सभागृहातल्या टाळ्या खोट्या पडतात. साचा सारे पुरवतो, पण गाणे पुरवू शकत नाही. मग ते येते कुठून? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास या तिन्हींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले. वारकरी संतांचा कल वेगळा आहे. तुकोबा आपल्या वाणीचे कर्तेपण स्वतःकडे घेत नाहीत, बोलविता धनी वेगळा असल्याचे सांगतात. वरवर हे परस्परविरोधी वाटते. पण भामनाथाच्या डोंगरावरची तुकोबांची साधना आठवली म्हणजे दिसते की कर्तेपण नाकारणाऱ्याने अभ्यास नाकारला नव्हता. प्रसाद मागता येत नाही. त्यासाठी भांडे घासून ठेवता येते.

व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटात गाणे कुठून येते हा प्रश्न शाहीर होनाजीच्या रूपाने येतो. होनाजी पुण्याचा, जातीने गवळी. त्याच्या रचना गाणारा बाळा करंजकर शिंपी. दोघांची नावे जोडून ‘होनाजी बाळा’ हे नाव रूढ झाले. या एकाच लेखणीतून शृंगाराच्या लावण्याही उतरल्या आणि देवाला जागवणारी भूपाळीही. शृंगार खालचा आणि भक्ती वरची, अशी उतरंड लावली तर होनाजीचे दोन तुकडे करावे लागतात, आणि ते करणे चूक आहे. मधुराभक्तीने विरहाची भाषा प्रेमिकांकडूनच घेतली. प्रिय व्यक्तीची वाट पाहणे ज्याला ठाऊक नाही, त्याला देवाची वाट पाहण्याचे शब्द सापडणे कठीण.

‘अमर भूपाळी’ला 1952 च्या कान महोत्सवात ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक मिळाले. होनाजीला जाऊन तेव्हा शंभरहून अधिक वर्षे झाली होती. त्याची भूपाळी आजही गायली जाते.