विसरून गेलेले पैसे कोणाचे?

व्यायामशाळेचे, क्लबचे किंवा एखाद्या ओटीटी वाहिनीचे सभासदत्व रद्द केले, तरी बँकेला दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी त्याबरोबर रद्द होतेच असे नाही. सभासदत्व हा ग्राहक आणि संस्था यांच्यातला करार. मँडेट ही ग्राहकाने आपल्या बँकेला दिलेली आज्ञा. करार संपला तरी आज्ञा जिवंत राहू शकते आणि दरमहा पाच-सातशे रुपये कापले जात राहतात. वर्ष-दीड वर्षाने पासबुक भरून आणले की ते ध्यानात येते. पैसे परत कसे मिळवायचे हा व्यवहाराचा प्रश्न झाला. त्याच्या मुळाशी धर्मशास्त्राने फार पूर्वी चर्चेला घेतलेला प्रश्न आहे: ज्याच्या जाण्याकडे मालकाचे लक्षच नव्हते, ते धन त्याने दिले असे म्हणता येते का?

बँक आणि शास्त्र, या प्रश्नाची ही दोन्ही टोके बडोद्यात सापडतात. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या पुढाकाराने 20 जुलै 1908 रोजी तिथे बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. पुढे दहा वर्षांच्या आत त्यांच्याच आश्रयाने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली. कनौजच्या गोविंदचंद्राचा मंत्री लक्ष्मीधर याचा बाराव्या शतकातला ‘कृत्यकल्पतरू’ आणि विखुरलेल्या वचनांतून पुन्हा जुळवलेली ‘बृहस्पतिस्मृती’ हे दोन्ही ग्रंथ के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार यांनी याच मालेसाठी संपादित केले. देणे, घेणे, ठेव, करारभंग यांवर शास्त्रकारांनी किती बारकाईने विचार केला होता, हे या ग्रंथांवरून कळते.

नारदस्मृतीत ‘दत्ताप्रदानिक’ नावाचे प्रकरण आहे. हातातून गेलेली प्रत्येक वस्तू नारद ‘दिलेली’ मानत नाही. न दिल्यासारख्याच ठरणाऱ्या देण्यांचे तो सोळा प्रकार सांगतो. भीतीने, रागाने किंवा शोकाच्या भरात दिलेले. लाच म्हणून, थट्टेत, घोटाळ्याने किंवा फसवणुकीने गेलेले. बालकाने, वेड्याने, नशेत असलेल्याने दिलेले. अपात्राला पात्र समजून दिलेले, असे ते प्रकार आहेत. विसर त्यांत वेगळा सांगितलेला नाही. पण यादी एकत्र वाचली की तिच्यामागचे सूत्र दिसते. हात पुढे झाला एवढ्याने दान होत नाही, हाताबरोबर जाणती इच्छा लागते. सभासदत्व रद्द केल्याचे पत्र देणाऱ्याने आपली इच्छा तर उलट दिशेने स्पष्ट नोंदवलेली असते. म्हणून त्यानंतर कापली गेलेली रक्कम नारदाच्या हिशेबी ‘अदत्त’ ठरवायला अडचण पडू नये.

रद्द करायचेच विसरलेल्याची गोष्ट निराळी. व्यायामशाळेत पाऊल टाकले नाही, पण सभासदत्व चालू ठेवले, तर दिलेला शब्द कायम आहे आणि दारही उघडे आहे. तिथे परतावा मागणे म्हणजे स्वतःच्या आळसाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणे होय. तक्रारी करणाऱ्यांपैकी अनेकजण या दोन गोष्टींची गल्लत करतात.

खरी गुंतागुंत याज्ञवल्क्याच्या एका नियमात आहे. आपली जमीन दुसरा उपभोगतो आहे हे दिसत असूनही मालक वीस वर्षे गप्प राहिला, तर त्याची हानी होते. इतर धनासाठी ही मुदत दहा वर्षांची. नियमाचा भर ‘पाहूनही न बोलणे’ यावर आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर हा नियम आणखी मवाळ करतो: अशा मौनाने मालकी जात नाही, जाते ते मधल्या काळाचे फळ.

आता हा नियम मोबाइलवर येणाऱ्या संदेशाला लावून पाहावा. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये आवर्ती वजावटींसाठी ई-मँडेटची चौकट आखली. कार्ड, प्रीपेड वॉलेट आणि यूपीआय यांवरच्या अशा वजावटींबाबत ग्राहकाला किमान 24 तास आधी सूचना जावी आणि तिच्यात नकार देण्याची सोय असावी, असे ती सांगते. सूचना आली, ग्राहकाने ती जाहिरातींच्या ढिगाऱ्यात न वाचताच सरकवली. तो पाहणारा ठरतो की न पाहणारा? याज्ञवल्क्याच्या शेतमालकाला दुसऱ्याचा नांगर स्वतःच्या बांधावर दिसत होता. दिवसाला चाळीस संदेश येणाऱ्या माणसाचे पाहणे त्या जातीचे नव्हे. तरीही त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही, असे म्हणणे अवघड आहे. विज्ञानेश्वराची विभागणी इथे उपयोगी पडते: मुद्दल मालकाचे, मधल्या काळाचे व्याज त्याने सोडावे. एवढी शिक्षा विसराला पुरेशी आहे.

घेणाऱ्याच्या बाजूची तपासणी श्रमण परंपरांनी अधिक कडकपणे केली. जैन आचारात तिसरे व्रत आहे ते ‘अदत्तादान’ टाळण्याचे. न दिलेले घेणे म्हणजेच चोरी, अशी उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राची व्याख्या. पूज्यपादांसारखे टीकाकार तिला प्रमादाची अट जोडतात, म्हणजे बेसावध, क्रोध-लोभासारख्या कषायांनी गढूळलेल्या मनाने घेणे. बौद्ध परंपरेत बुद्धघोषाने चोरीची पाच अंगे मोजली: वस्तू परक्याची असणे, ती परक्याची आहे हे माहीत असणे, चोरीची बुद्धी, प्रयत्न आणि प्रत्यक्ष उचलणे. या मापाने संगणकाने आपोआप ओढलेल्या पहिल्या हप्त्यात संस्था चोर ठरत नाही, कारण तिथे जाणणारे कोणी नाही. ग्राहकाचे पत्र कार्यालयात पोहोचले की दुसरे अंग भरते. त्यानंतर ‘आमच्या सिस्टिममध्ये तसे दाखवत नाही’ हे उत्तर धार्मिक दृष्टीने निरर्थक आहे. यंत्राला प्रमाद नसतो, यंत्र तसेच चालू ठेवणाऱ्याला असतो.

आधुनिक कायदा वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोहोचतो. इंग्लंडमध्ये 1841 साली ‘केली विरुद्ध सोलारी’ हा खटला झाला. हप्ता न भरल्यामुळे रद्द झालेल्या विम्याची रक्कम संचालकांनी ती गोष्ट विसरून मृताच्या पत्नीला दिली होती. देणाऱ्याने कितीही निष्काळजीपणा केला असला तरी चुकीने दिलेले पैसे परत मागता येतात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र खरे-खोटे न पाहता, काहीही असो, पैसे द्यायचेच असे ठरवून दिले असतील तर नाही. भारतीय करार कायद्याचे (1872) कलम 72 हेच सांगते: चुकीने किंवा जबरदस्तीने पैसे मिळालेल्याने ते परत केले पाहिजेत. मुदतीच्या 1963 च्या कायद्यातले कलम 17 चुकीच्या दाव्यांत काळ मोजायला सुरुवात करते ती चूक उघड झाल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती उघड झाली असती तेव्हापासून. पाहणे आणि न पाहणे यांतला जुना वाद या शेवटच्या अटीत पुन्हा डोके वर काढतो.

वसुलीचा क्रमही या कायद्याला धरूनच आहे. आधी रद्द केल्याचा पुरावा जोडून संस्थेला लेखी मागणी करायची आणि त्याच वेळी बँकेला मँडेट बंद करायला सांगायचे. बँकेची स्वतःची चूक असेल आणि तक्रारीला 30 दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. दोष संस्थेचा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत आहे. सभासद होणे सोपे आणि बाहेर पडणे मुद्दाम अवघड करून ठेवणे, याला नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून तेरा फसव्या क्लृप्त्यांत बसवले आहे. नारदाच्या यादीतली फसवणूक, म्हणजे ‘छल’, ती हीच.

घेणारी संस्था व्यायामशाळा नसून देवस्थान असेल, तर विचार थोडा बदलतो. दिलेले दान परत घेऊ नये आणि कबूल केलेले द्यावे, असे याज्ञवल्क्य बजावतो. पण आपले स्वत्व सोडणे आणि दुसऱ्याचे निर्माण करणे ही दानाची शास्त्रीय कल्पना आहे, आणि स्वत्व सोडायला सोडणारा तिथे हजर असावा लागतो. दरमहा 501 रुपयांची देणगी भक्ताने थांबवल्याचे कळवले आणि पुढेही ती कापली जात राहिली, तर त्या रकमेला दान म्हणता येत नाही, देव कितीही जागृत असो. अशी रक्कम म्हणजे विश्वस्तांकडे आलेली परक्याची ठेव, आणि ठेव मागितल्यावर परत न करणाऱ्याला मनू चोरासारखीच शिक्षा सांगतो.