हृद्रोग्याचे भय



गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणती आहे आणि त्या गणतीत पहिले नाव अभयाचे. ह्या एका शब्दावर आम्ही आजवर किती कीर्तने केली, त्याचा हिशेब नाही. लोक माना डोलवीत, आम्हांसही बरे वाटे. गेल्या वर्षी माघात मात्र आम्हांस हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी तुंबलेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि पाचव्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. हे सारे ठीक झाले. पुढे जे झाले, ते आम्ही वर्षभर कोणाजवळ बोललो नाही. ते आज सांगतो.

रात्री दोनच्या सुमारास एकाएकी जाग येई. छातीत धडधड, अंगाला घाम, हातांना मुंग्या, श्वास पुरेना. आता संपलेच, असे वाटे. मग मनगट धरून नाडी मोजीत बसावे. मोजू लागले की ती आणखीच धावे. दोनदा घरच्यांनी तसेच उचलून दवाखान्यात नेले. ईसीजी काढला, रक्त तपासले. हृदय ठीक निघाले. हळूहळू आम्ही एकट्याने बाहेर पडणे सोडले, जिना सोडला, काकड्याला जाणे सोडले. एके रात्री घरातून शब्द आला, "अहो, जन्मभर लोकांना काय सांगत आलात?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. माळकरी माणूस मरणाला भितो, हे कोणत्या तोंडाने कबूल करावे?

तिसऱ्या खेपेस डॉक्टर म्हणाले, "महाराज, हृदय आपल्या जागी चांगले आहे. हे भय आहे आणि भयाचाही आजार असतो. त्याला औषध आहे." खरे सांगतो, आम्हांस राग आला.

मग त्यांनी नीट उलगडून सांगितले. संकट आले असे मनाने घेतले की शरीरात अॅड्रेनलिन नावाचा रस सुटतो. त्याने नाडी धावते, रक्तदाब चढतो. माणूस भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने हातांना मुंग्या येतात, डोके गरगरते. ज्याला एकदा झटका येऊन गेला तो ह्या खुणा पाहून म्हणतो, पुन्हा आला. आणि त्या विचाराने भय दुणावते. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्यांपैकी दर चार-पाच जणांत एकाला तरी अशी चिंता ग्रासते. ती तशीच राहू दिली तर माणूस चालणे सोडतो, कोणी औषध टाळतो, झोप जाते, आणि ह्याचा भार शेवटी हृदयावरच पडतो.

घरी येऊन आम्ही गीतेचा पहिला अध्याय काढला. तो किती वेळा वाचला होता! पण अर्जुनाच्या देहाचे काय झाले, तिकडे आमचे लक्ष कधी थांबलेच नव्हते. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंग कापू लागले, हातातले गांडीव निसटले, उभे राहवेना, मन भोवंडले. त्याचे कारण निराळे होते, मोहाचे होते, हे आम्ही जाणतो. परंतु देहाची भाषा तीच. आणि भगवंतांनी काय केले? प्रथम त्याला टोचून बोलले, ही दुर्बलता टाक म्हणाले. त्याने अर्जुन उठला नाही. मी लढणार नाही असे म्हणून गप्प बसला. मग भगवंतांनी त्याला जवळ घेऊन सारी गीता सांगितली. आपल्या घरांत पहिला प्रकार फार चालतो, "घाबरतोस काय, देवावर हवाला ठेव". दुसऱ्याला लागणारा वेळ मात्र कोणी देत नाही. दुसरीकडे काही घरे रोग्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. त्यानेही भय वाढतेच.

आमच्यावर इलाज झाला तो असा. मनोविकाराच्या डॉक्टरांनी भीतीचा विचार कोठून उठतो, तो तपासून पाहायला शिकवले. सोबत एक गोळी दिली. हृद्रोग्याला कोणती चालते हे त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवले. त्या जातीच्या काही जुन्या गोळ्या हृदयाला सोसत नाहीत, म्हणून शेजाऱ्याची गोळी कोणी घेऊ नये. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर आधी दहा मिनिटे, मग वीस, असे रोज चालणे वाढवले.

आणि नाम? ते आम्ही सोडले नाही, आणि औषधाच्या जागीही ठेवले नाही. इटलीतल्या पाव्हियाच्या लुचिआनो बेर्नार्डी ह्या वैद्याने 2001 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ख्रिस्ती जपमाळ किंवा मंत्र संथपणे म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते, असे त्यात दिसले. ती माणसे निरोगी होती, तेव्हा त्यावरून नामाने हृद्रोग बरा होतो असे कोणी कीर्तनात ठोकून देऊ नये. आम्हांस मात्र रात्रीच्या त्या घटकेला संथ नामाचा आधार होतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. छातीत दाब येऊन तो हातात, जबड्यात किंवा पाठीत जाऊ लागला, दम लागला, घाम फुटला, तर ते भय की हृदय, हे घरी बसून ठरवू नका. 108 ला फोन करा. तपासणीत काही निघाले नाही, तर त्यात लाजण्याजोगे काही नाही.

यंदाच्या आषाढीत डॉक्टरांनी ट्रेडमिलची तपासणी केली आणि शेवटचा टप्पा हळू चालायला परवानगी दिली. वाखरी सोडली आणि त्या गर्दीत धडधड सुरू झाली. छातीत दुखत नव्हते, दाब नव्हता. ओळखीचेच दुखणे होते. नातू बरोबर होता. रस्त्याच्या कडेला बसलो, संथ नाम घेतले. दहा-बारा मिनिटांत ओसरले. आमची दिंडी पुढे गेली होती. मागच्या दिंडीतला एक टाळकरी थांबून म्हणाला, "महाराज, पाय दुखतात का?"

आम्ही म्हणालो, "नाही बाबा, भीती वाटली म्हणून बसलो."

त्याने टाळ गळ्यातून काढून मांडीवर ठेवले आणि आमच्या शेजारी बसला. म्हणाला, "मलाही जाळी बसवली आहे. दोन वर्षे झाली. घरी अजून सांगितले नाही, रात्री काय होते ते."