घड्याळ कोणाचं?

मध्यंतरी पुण्यात नवउद्योजकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. डाळिंबाची प्रतवारी करणारं यंत्र बनवणाऱ्या एका मुलीला व्यासपीठावरच्या गुंतवणूकदाराने सगळ्यांदेखत सुनावलं, "तीन वर्षांत तीसच गिऱ्हाइकं? घाई हा स्टार्टअपचा स्वभावच असतो, मॅडम." टाळ्या पडल्या. मुलगी ओशाळली. डाळिंबाच्या बागेत वर्षाला एकच बहार धरतात. नवं यंत्र बागायतदाराच्या गळी उतरायला दोन-तीन हंगाम जाणारच, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार?

घाई तिच्या धंद्याची नव्हती, त्यांच्या पैशाची होती. आणि पैशालाही ती जन्मतः नव्हती.

शॉक्लीला सोडून गेलेले आठ जण, फेअरचाइल्ड, गॅरेज ही सिलिकॉन व्हॅलीतल्या अशा पैशाची पोथी वाचकांना पाठ आहे. ती पुन्हा उघडत नाही. जॉर्ज डोरिओ यांनी 1946 साली बॉस्टनजवळच्या विद्यापीठांतल्या संशोधनाला भांडवल देण्यासाठी एआरडीसी ही गुंतवणूक कंपनी काढली, तेही सर्वश्रुत. पण ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, आणि कंपनीला मुदत नसते. 1957 साली तिने डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत 70,000 डॉलर घातले. डिजिटलचं नाव घरोघरी नाही तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी नेणारा पीडीपी-8 संगणक आला 1965 मध्ये, तिचे शेअर विक्रीला आले 1966 मध्ये. डोरिओंनी हिस्सा सोडला नाही. तो एआरडीसीच्या भागधारकांच्या हाती गेला 1972 साली. पंधरा वर्षं!

आता 1961. आर्थर रॉक आणि टॉमी डेव्हिस या गुंतवणूकदारांनी सॅन फ्रान्सिस्कोत कंपनीऐवजी मर्यादित भागीदारी काढली. सगळे इथेच चुकतात. इतिहास सांगणारे म्हणतात, बॉस्टनच्या जुन्या मंडळींत नसलेलं धाडस इथे आलं. धाडस होतंच, पण भागीदारीचं कारण रोकडं होतं. कंपनीत पगारी माणसाला नफ्यात वाटा देताना कायदा आडवा येई. एआरडीसीतली हुशार माणसं त्यामुळेच वैतागली होती. तिथले बिल एल्फर्स 1965 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनीही ग्रेलॉक ही भागीदारीच काढली. भागीदारीत वाटा घेता येतो, पण वाटा घ्यायचा तर हिशेब कधीतरी मिटवावा लागतो. म्हणून मुदत आली. रॉक-डेव्हिस यांनी 1968 मध्ये दुकान आवरलं, आणि सुमारे 30 लाख डॉलरच्या गुंतवणुकीतून भरघोस पैसा वाटला. मुदतीची पद्धत त्या यशावर स्वार झाली.

म्हणजे मुदत ठरली ती भागीदारांनी आपसांत वाटणी करावी म्हणून. उद्योगाला उभं राहायला किती वर्षं लागतात, याचा त्यात विचारच नव्हता. चिप बनवणाऱ्यांना ती मानवली, हे मान्य. पण डिजिटलला रॉक-डेव्हिसइतकीच सात वर्षं मोजून दिली असती, तर 1964 मध्ये, पीडीपी-8 येण्याच्या आदल्या वर्षी, हिशेब मिटला असता.

पुढचं झपाट्याने घडलं. 1979 मध्ये अमेरिकी सरकारने पेन्शनच्या पैशाबाबतच्या नियमाचा अर्थ सैल केला आणि तो पैसा अशा भागीदारी-फंडांत आला; दहा वर्षांची मुदत हा रिवाज झाला. आपल्याकडे सेबीच्या 2012 च्या नियमांत या वर्गातले फंड बंद मुदतीचेच असतात. मुदत दोन वर्षं वाढवायची तर गुंतवणुकीच्या मूल्याने दोन-तृतीयांश गुंतवणूकदारांची संमती लागते. हे सगळं उघड, कायदेशीर. माझा आक्षेप एवढाच, की वाटणीच्या तारखेला कोणी स्वभाव म्हणू नये.

आपण या पैशाला मराठीत साहस वित्त म्हणतो. साहस करणारा पैसा बहुतेक दुसऱ्याचाच असतो, पण ते राहू द्या. त्या मुलीला मी नंतर चहाच्या टेबलापाशी गाठलं आणि सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो: करारावर सही करण्याआधी समोरच्याला विचारा, तुमच्या फंडाचं हे कितवं वर्ष?