उताऱ्याआधीचे वाचन

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, नशिबाने पार करता येतो का? बसणाऱ्या मुलांना तसे वाटते. पेपर सुटल्यावर पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर ‘उतारे ओळखीचे आले’, ‘दोनात अडकलो, तुक्के लागले नाहीत’ हीच भाषा ऐकू येते. निकालानंतर मात्र यशस्वी उमेदवाराच्या मुलाखतीत नशीब मागे पडते आणि लहानपणापासूनच्या वाचनाच्या आवडीला श्रेय मिळते. या प्रश्नाचा काही भाग साध्या गणिताने सुटतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

८० प्रश्न, २०० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला अडीच गुण. चुकले तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ०.८३ गुण वजा. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. आता कुणी डोळे मिटून सगळे ८० गोल रंगवले तर सरासरीने २० उत्तरे बरोबर येऊन ५० गुण मिळतील आणि उरलेली ६० चुकून तेच ५० गुण परत जातील. हाती शून्य. सगळे प्रश्न सोडवून पात्र व्हायचे तर किमान ४० बरोबर यायला हवेत, आणि आंधळ्या अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता लाखात एक इतकीही नाही.

पण समजा, एखाद्याला प्रत्येक प्रश्नात चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढे कळते आणि उरलेल्या दोनांत तो नाणे उडवतो. त्याचे सरासरी गुण भरतात ६६.६७. पात्रतेची रेषा जेमतेम ओलांडली! असे शंभर जण बसले तर निम्म्याहून थोडे अधिक पार होतील, बाकीचे घरी जातील, आणि त्या दोन गटांतला फरक खरोखरच नशिबाचा असेल. तुक्का चालतो तो एवढ्या अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या खाली नशीब कुणाला वर ओढत नाही, आणि ज्याला तीन पर्याय खोडता येतात त्याला नशिबाची गरज उरत नाही.

मग पर्याय खोडता येतात कशाने? गणित आणि तर्काचे प्रश्न बाजूला ठेवू. पेपरात साधारण एक तृतीयांश प्रश्न उताऱ्यांवर असतात. त्यांच्यासाठी क्लासमध्ये दोन सूचना हमखास मिळतात. ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमीच’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायावर संशय घ्यावा. आणि उताऱ्याबाहेरचे ज्ञान उत्तरात आणू नये. पहिली युक्ती बऱ्यापैकी उपयोगी पडते. दुसरी पूर्णपणे पाळणे कुणालाच शक्य नाही, कारण बाहेरच्या ज्ञानाशिवाय उतारा मुळात कळतच नाही.

याचा एक गाजलेला पुरावा आहे. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. मग मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू समोर ठेवून काय घडले ते मांडून दाखवायला सांगितले. वाचनाच्या चाचणीत कच्ची ठरलेली पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात हुशार पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा खूपच पुढे निघून गेली. ‘वाचनकौशल्य’ नावाची विषयापासून सुटी अशी एखादी शक्ती असते आणि चाचणी तीच मोजते, हा समज या प्रयोगाने चांगलाच हलवला.

सीसॅटचे उतारे शेती, हवामान, राज्यकारभार, अर्थकारण अशा विषयांवर फिरतात. भूजलाचा उपसा, किमान आधारभूत किंमत, जंगलावरचे आदिवासींचे हक्क यांवर ज्याने वर्षानुवर्षे अग्रलेख आणि दिवाळी अंकांतले लेख वाचले, त्याच्यासाठी उताऱ्यातली निम्मी वाक्ये जुन्या ओळखीची असतात. त्याचे लक्ष उरलेल्या निम्म्यावर राहते आणि लेखक नेमका कुठे वेगळे बोलतोय ते त्याला दिसते. एखादा उतारा ओळखीचा निघणे हा योगायोग असू शकतो. दहा विषयांवरचे दहा उतारे समोर आल्यावर योगायोग एकमेकांना खोडतात आणि वाचनाचा पैस तेवढा शिल्लक राहतो.

आयुष्यभराचे वाचन मोजायचे तरी कसे? विचारले तर प्रत्येक जण ‘खूप वाचतो’ म्हणणार. कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये यावर सुरेख तोड काढली. त्यांनी नावांची एक यादी केली. त्यात काही नावे खऱ्या लेखकांची आणि काही लेखक नसलेल्यांची. ओळखीच्या लेखकांवर खूण करायची. चुकीच्या नावावर खूण केली की गुण कापले जाणार. ही चाचणी काही मिनिटांत संपते, बढाई आणि अंदाज दोन्ही उघडे पाडते, आणि तिच्यातले गुण शब्दसंग्रहाशी व सामान्यज्ञानाशी चांगले जुळतात. त्याआधी १९८६ मध्ये स्टॅनोविच यांनीच दाखवून दिले होते की ज्याला लवकर वाचता येते तो अधिक वाचतो, आणि अधिक वाचतो म्हणून त्याला अधिक चांगले वाचता येते. मागे पडलेल्यांच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते.

चाचणीतही खोट असते, हे मान्य केले पाहिजे. टेक्सास राज्याच्या शालेय परीक्षेत सारा होलब्रुक या कवयित्रीच्या कविता आल्या होत्या. २०१७ मध्ये तिने जाहीरपणे लिहिले की आपल्याच कवितांवरच्या त्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला देता येत नाहीत. कवितेचे दोन कडव्यांत विभाजन का केले, असा एक प्रश्न होता. मोठ्याने वाचताना ती तिथे थांबते, हे तिचे खरे कारण पर्यायांत नव्हतेच. शेवटच्या दोन पर्यायांशी आयुष्यभर वाचणाराही कधी कधी अडतो, याचे एक कारण प्रश्न काढणाऱ्याच्या मनात असते.

तरीही नशिबाचा सर्वांत मोठा वाटा परीक्षेच्या दिवशी पडत नाही. तो पंधरा-वीस वर्षे आधीच पडून गेलेला असतो.

त्यात पहिली येते भाषा. आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापली जाते. २०१४ मध्ये दिल्लीत हिंदी पट्ट्यातल्या मुलांनी सीसॅटविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यानंतर इंग्रजी आकलनाचे गुण धरायचे नाहीत असे ठरले आणि पुढच्या वर्षी पूर्ण पेपरच पात्रतेपुरता झाला. त्या वादात मराठी मुलाची अडचण फारशी पुढे आलीच नाही. आयुष्यभर मराठीत वाचलेल्याचे ज्ञान आणि युक्तिवाद पकडण्याची सवय इंग्रजी उताऱ्यातही त्याच्या कामी येते, यात शंका नाही. वेग मात्र आपोआप येत नाही. १२० मिनिटांत ८० प्रश्न म्हणजे उतारा वाचण्यासकट प्रश्नाला दीड मिनिट, आणि परक्या भाषेतले वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले की ते दीड मिनिट संपते. प्रश्नपत्रिका मराठीत मिळावी ही मागणी सवलतीची नाही. आकलन मोजायचे असेल तर ते उमेदवार ज्या भाषेत वाचत मोठा झाला त्या भाषेत मोजले पाहिजे, इतके हे सरळ आहे.

आणि त्या भाषेत तरी वाचायला मिळाले का? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. शहरांतली ग्रंथालये वजा केली तर निम्म्याहून कितीतरी जास्त गावांच्या वाट्याला काहीच येत नाही. जिथे आहेत तिथल्या कित्येक ग्रंथालयांत आता अभ्यासिका भरभरून चालते: खुर्ची, दिवा, चार्जिंगचा सॉकेट, आणि पुस्तके ज्याची त्याने आणायची. मुले तिथे रोज दहा-दहा तास घाम गाळतात, त्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. पण तिथे वाचले जाते ते बहुतेक नोट्स आणि प्रश्नसंच. पलीकडच्या कपाटातल्या कादंबऱ्या, चरित्रे, विश्वकोशाचे खंड त्यांच्या वेळापत्रकात बसत नाहीत; एकविसाव्या वर्षी ते बसवणे अवघडच असते.

ते बसायला हवे होते तिसरी-चौथीत. बालभारतीचे ‘किशोर’ हे मुलांचे मासिक १९७१ पासून निघते आहे. गावातल्या मुलाच्या हाती तो अंक दर महिन्याला पडतो का, शाळेच्या वेळापत्रकातल्या वाचनाच्या तासाला गणिताचा तास घेतला जातो का, ग्रंथालय असेल तर ते संध्याकाळी मुलांसाठी उघडे असते का आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे ठरवणारी माणसे शाळेत, ग्रामपंचायतीत आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात बसलेली आहेत. आज तिसरीत असलेल्या मुलांपैकी कुणाच्या नशिबात सीसॅटचे उतारे ‘ओळखीचे’ निघतील, याचा बराचसा निकाल त्यांच्याच हाती आहे.